बंदुकीच्या नळीचा चोक : तो कसा ओळखावा?

हरभऱ्यास घाटे धरूं लागले व तुरीच्या शेंगा भरत आल्या, कीं पूर्णेकांठच्या शेतकऱ्याची झोंप उडते. शेगांव, जलंब, माटरगांव ह्या टापूंत दिवसां हरणांचे कळप व रात्रीं रानडुकरें आणि रोही ह्यांचा उपद्रव किती होतो, हें आमच्या वाचकांस आम्हीं निराळें सांगावयास नको. एका रात्रींत उताणें झालेलें वावर ज्यानें सकाळीं धुऱ्यावर उभें राहून पाहिलें आहे, त्यास वर्णनाची गरज नाहीं. जागल करावी, कुंपण घालावें, डबे वाजवावे, हे उपाय चालूच असतात. आणि ह्याच दिवसांत कपाटांत कुलपाखालीं ठेवलेल्या वडिलोपार्जित दुनळी बंदुकीची आठवणही घरोघर निघते.

अशा बंदुकीच्या धन्यास आम्हीं पुष्कळदां एक साधा प्रश्न विचारून पाहिला आहे : "हिच्या नळ्यांस चोक किती आहे?" उत्तर बहुधा ठरलेलें असतें : "उजवी साधी, डावी फुल चोक." हें कोणी सांगितलें, असें पुसल्यास "वडील सांगत" म्हणतात, आणि वडिलांस कोणी सांगितलें, ह्यास उत्तर नसतें. बियाण्याची पिशवी घेतांना उगवण शेकडा किती हें वाचून पाहणारा, आणि कांट्यावर किलोभर कमी आलें तर अडत्याशीं तंटा करणारा शेतकरी बंदुकीच्या बाबतींत मात्र ऐकीव गोष्टीवर तीन पिढ्या काढतो. ह्या ऐकीव गोष्टीची किंमत आमच्या घरानें एकदां दिलेली आहे. ती हकीकत अगोदर सांगून मग मूळ विषयाकडे वळूं.

घरची हकीकत

आमच्या घरीं बेल्जम बनावटीची एक बाराबोर दुनळी आहे. आजोबांनीं ती जुनी म्हणूनच विकत घेतली होती, आणि "डावी नळी फुल चोक" हें वाक्य बंदुकीबरोबरच घरांत आलें. पुष्कळ वर्षांपूर्वीं, हरभऱ्याच्याच दिवसांत, वनखात्याची लेखी परवानगी घेऊन आमच्या काकांनीं एका मोठ्या रानडुकरावर ती झाडली. पहांट उलटून चांगलें उजाडलें होतें. अंतर सुमारें पन्नास पावलें. काका चांगले नेमबाज होते. डावी नळी फुल चोक, म्हणून त्यांनीं त्याच नळींत एलजीचें काडतूस भरलें आणि त्याच भरंवशावर चाप ओढला. डुक्कर पडलें नाहीं. रक्ताचे थेंब टाकीत शेजारच्या तुरींत शिरलें. दिवसभर माग काढला, पण तें सांपडलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमचा सालदार बैलांसाठीं धुऱ्यावरचें गवत कापावयास गेला असतां त्या जखमी जनावरानें त्याची मांडी फाडली. तो वांचला; परंतु चार महिने खाटेवर होता, आणि पुढें जन्मभर लंगडत चालला. त्याच्या मुलाबाळांसाठीं जें करवलें तें आम्हीं केलें. त्याचा पाय मात्र आम्हांस परत देतां आला नाहीं.

दोष कोणाचा, ह्यावर त्या वेळीं घरांत पुष्कळ बोलणें झालें. कोणी म्हणाले काडतूस जुनें होतें, कोणी म्हणाले काकांची नजर चुकली. काका स्वतः तेंच मानून बसले व त्यांनीं पुन्हां बंदुकीस हात लावला नाहीं. नळीकडे मात्र कोणीं पाहिलें नाहीं. ती पाहिली तेव्हां काय दिसलें, तें लेखाच्या शेवटीं येईल.

चोक म्हणजे काय?

बाराबोर ह्या नांवाचा अर्थ असा, कीं नळीच्या पोकळींत बरोबर बसणाऱ्या शिशाच्या गोळ्या एका पौंडांत बारा भरतात. ह्या हिशेबानें पोकळीचा व्यास .७२९ इंच, म्हणजे सुमारें १८.५ मिलिमीटर येतो. काडतुसाच्या घरापुढून थेट तोंडापर्यंत नळी एकाच व्यासाची असेल, तर तिला सिलिंडर किंवा साधी नळी म्हणतात. तोंडाजवळच्या शेवटच्या एकदोन इंचांत ती किंचित् आवळलेली असेल, तर त्या आवळास चोक हें नांव आहे. आवळलेल्या तोंडांतून निघालेले छरे कांहीं अंतरापर्यंत एकवट जातात. साध्या नळींतून निघालेले लवकर पसरतात. चाळीस वारांवर साध्या नळीच्या छऱ्यांचा पसारा सुमारें पावणेपांच फूट व्यासाचा होतो, तर फुल चोकाचा सुमारें सव्वातीन फूट.

हा आवळ फारच थोडा असतो. फुल चोक म्हणजे सगळा मिळून इंचाचे चाळीस हजारांश, अर्थात् एक मिलिमीटर. चार पोस्टकार्डें एकावर एक ठेविलीं, तर साधारण तितकी जाडी होते. पाव चोक तर एकाच पोस्टकार्डाएवढा. डोळ्यानें पाहून किंवा तोंडांत बोट घालून तो ओळखूं म्हणणें किती व्यर्थ आहे, हें ह्यावरून ध्यानांत येईल.

ही युक्ति फार जुनी नव्हे. न्यूकॅसल येथील पेप नांवाच्या बंदूककारानें १८६६ सालीं ह्या पद्धतीचें पेटंट घेतलें, बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर ह्यानें १८७४ च्या सुमारास ती खात्रीनें साधण्याची रीति बसविली. आणि १८७५ सालीं लंडनच्या 'फील्ड' पत्रानें चोक व सिलिंडर नळ्यांच्या जाहीर चाचण्या घेतल्या, तेव्हांपासून चोकाचा बोलबाला झाला. म्हणून त्या काळाच्या मागच्या बंदुकींत मुळांतला चोक असण्याचा संभव कमी.

चोकाचीं ठराविक मापें अशीं आहेत. इंग्रज कारागीर इंचाच्या हजारांशास 'पॉइंट' म्हणतात. मिलिमीटरचा आंकडा स्थूल मानानें दिला आहे.

सिलिंडर : आवळ नाहीं.
सुधारलेला सिलिंडर : ३ ते ६ पॉइंट, सुमारें .१ मिलिमीटर.
पाव चोक : १० पॉइंट, .२५ मिलिमीटर.
अर्धा चोक : २० पॉइंट, .५ मिलिमीटर.
पाऊण चोक : ३० पॉइंट, .७५ मिलिमीटर.
फुल चोक : ४० पॉइंट, १ मिलिमीटर.

अमेरिकन बंदुकींवर अर्ध्यास 'मॉडिफाइड' आणि पाऊण चोकास 'इम्प्रूव्ह्ड मॉडिफाइड' म्हणतात. दुनळींत सामान्य रिवाज असा, कीं पुढच्या चापाची उजवी नळी मोकळी आणि मागच्या चापाची डावी नळी अधिक आवळलेली. परंतु हा रिवाज आहे, नियम नव्हे.

पहिली पायरी : नळीवरील छाप

दांड्यापासून नळ्या सोडवून उलट्या केल्या म्हणजे काडतुसाच्या घराखालच्या सपाट जागेवर बारीक छाप दिसतात. ते प्रथम भिंगानें वाचावे.

इंग्रजी नळीवर 'नॉट फॉर बॉल' अशीं अक्षरें असतील, तर ती १८७५ ते १८८७ ह्या काळांतील आवळलेली नळी समजावी. हींत गोळी घालूं नये, असा त्या शब्दांचा अर्थ. १८८७ नंतर त्या जागीं नुसता 'चोक' हा शब्द येऊं लागला. हे शब्द चोक आहे एवढेंच सांगतात. किती आहे तें सांगत नाहींत. जुन्या इंग्रजी छापांत १२, १३ किंवा तेराच्या खालीं एक असे अंक आढळतात. ते चोकाचे नसून पोकळीच्या व्यासाचे आहेत : तेरा म्हणजे .७१०, तेरावर एक म्हणजे .७१९, बारा म्हणजे .७२९ आणि बारावर एक म्हणजे .७४० इंच. १९५४ नंतरच्या छापांत हाच व्यास दशांशांत मिळतो.

बेल्जमच्या लीज शहरांतील नळ्यांवर व्यास मिलिमीटरांत असतो, आणि चोक असेल तर पुष्कळदां दोन अंक मिळतात : एक पोकळीचा, दुसरा तोंडाचा. असे दोन अंक मिळाले, तर वजाबाकी करणें तेवढें आपल्याकडे राहिलें.

इटालियन व स्पॅनिश बंदुकींवर बहुधा चांदण्या असतात. एक चांदणी फुल, दोन पाऊण, तीन अर्धा आणि चार पाव. परंतु ब्राउनिंगच्या बंदुकींवर एक चांदणी फुल, दोन अर्धा आणि तीन सिलिंडर, असा संकेत आहे. म्हणजे तेंच चिन्ह एका बंदुकीवर एक अर्थ सांगतें व दुसऱ्या बंदुकीवर दुसरा. करणाऱ्याचें नांव वाचल्यावांचून चांदण्या मोजण्यांत अर्थ नाहीं. नव्या बंदुकींत आटे असलेली सुटी चोक-नळी तोंडांत बसविलेली असते. तिच्या कडेवर खांचा असतात. एक खांच फुल, पांच खांचा सिलिंडर, मधले क्रमानें. अशी सुटी नळी काढून ठेवून बार काढूं नये. आटे कायमचे बिघडतात.

छाप वाचला म्हणजे काम संपलें, असें मात्र समजूं नये. नळी कारखान्यांतून बाहेर पडली त्या दिवशीं कशी होती, एवढेंच छाप सांगतो. पुढच्या साठसत्तर वर्षांत तिच्यावर काय काय झालें, हें त्याच्या गांवींही नसतें.

दुसरी पायरी : दोन व्यास आणि एक वजाबाकी

मापास आरंभ करण्यापूर्वीं बंदूक उघडून दोन्ही घरें रिकामीं आहेत हें डोळ्यांनीं पाहावें व बोटानें चांचपून पाहावें. काडतुसें दुसऱ्या खोलींत ठेवावीं. मग नळ्या दस्त्यापासून वेगळ्या कराव्या, आणि आंतला तेलमळ पुसून काढावा. सुटी नळी हातांत असतांना अपघातास जागा उरत नाहीं. म्हणून सगळें माप सुट्या नळीचेंच घ्यावें.

आपल्याकडील मोठी चूक अशी, कीं माणसें नुसतें तोंड मोजतात. चोक म्हणजे तोंडाचा व्यास नव्हे. पोकळीचा व्यास आणि तोंडाचा व्यास ह्यांतील अंतर म्हणजे चोक. एक उदाहरण पाहा. तीन बंदुकी आहेत, आणि तिन्हींचें तोंड बरोबर १७.९ मिलिमीटर भरलें. पहिलीची पोकळी १८.० (तेरा छापाची), दुसरीची १८.४ आणि तिसरीची १८.८ (बारावर एक छापाची). वजाबाकी केली तर पहिलीस जेमतेम सुधारलेला सिलिंडर, दुसरीस अर्धा चोक, आणि तिसरीस जवळ जवळ फुल चोक आहे. तोंड एक, बंदुकी तीन प्रकारच्या.

पोकळीचा व्यास काडतुसाच्या बाजूकडून नऊ इंच आंत घ्यावा, असा इंग्रजी परीक्षागृहांचा संकेत आहे. तेथें नळी सरळ व सारखी असते. ह्यासाठीं लांब दांड्याचें बोअर गेज लागतें. तें परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडे असतें, आणि इंजिनांचे सिलिंडर बोअर करणाऱ्या कारागिराकडेही असतें. तोंडाचा व्यास चांगल्या व्हर्नियर कॅलिपरच्या आंतल्या जबड्यांनीं मिळतो. मात्र अगदीं कडेला न मोजतां थोडें आंत, आणि नळी फिरवून तीन दिशांनीं मोजावें. जबड्यांची धार सपाट असल्यामुळें वाटोळ्या पोकळींत हें माप वस्तुस्थितीहून किंचित् कमी येतें, हें ध्यानांत ठेवावें. तिन्ही मापें एक आलीं नाहींत, तर तोंडास मार बसला आहे असें समजावें.

गेज मिळत नसल्यास एक घरगुती परीक्षा आहे. तिनें चोक किती हें कळत नाहीं. आहे कीं नाहीं हें मात्र खचित कळतें. वाळलेल्या कठीण लाकडाचा इंचभर लांबीचा वाटोळा दट्ट्या असा उतरवून घ्यावा, कीं तो पोकळींत सरकेल पण हलणार नाहीं. नळीस जरासें तेल लावून तो काडतुसाच्या बाजूनें गजानें हळू हळू पुढें न्यावा. सिलिंडर नळींतून तो सरळ बाहेर पडेल. आवळ असल्यास तोंडाच्या एकदोन इंच अलीकडे अडेल. तेथून पुढें बळ करूं नये. तोंडाकडून गज घालून तो मागें काढावा, आणि नळी उजेडाकडे धरून आंत कांहीं राहिलें नाहीं ह्याची खात्री करून घ्यावी. नळींत राहिलेला एवढासा बोळाही पुढच्या बारास नळी फोडतो.

नाण्याच्या युक्तीबद्दलही दोन शब्द. अमेरिकेंत डाइम नांवाचें १७.९ मिलिमीटरचें नाणें तोंडांत घालून पाहतात. तें आंत गेलें नाहीं तर फुल चोक, असें म्हणतात. आपल्या जुन्या तांब्याच्या पैचा व्यास सुमारें साडेसतरा मिलिमीटर असल्यानें तीच युक्ति कोणी पैवर करूं पाहील. परंतु नाणें तोंडाचा व्यास सांगतें, पोकळीचा नाहीं. तेव्हां वरील तीन बंदुकींचा घोटाळा जसाच्या तसा उरतो. शिवाय झिजलेली पै ही मापाची वस्तु नव्हे.

माप फसविणाऱ्या गोष्टी

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कापलेली नळी. तोंड फुटलें, चेपलें किंवा बंदूक जड वाटली, म्हणून मागें कोणी तरी करवतीनें तोंडाकडचे दोनचार इंच उडवून टाकतो. चोक सारा त्या दोनचार इंचांतच असतो. तो तुकड्याबरोबर जातो. छाप मात्र दुसऱ्या टोंकास असतो, त्यामुळें तो जसाच्या तसा राहतो. नळी कापली आहे कीं नाहीं हें ओळखण्यास ही खूण आहे : अखंड दुनळीच्या दोन्ही नळ्या तोंडाशीं एकमेकींस टेकलेल्या असतात, कापलेलीच्या नळ्यांमध्यें फट असते, आणि ती बहुधा डाखानें बुजविलेली असते. नेम धरण्याची माशी नवीन बसविल्याची खूणही पाहावी. जुन्या दुनळ्या बहुधा अठ्ठावीस किंवा तीस इंच लांबीच्या असत. कांहीं आंखूडही असत, म्हणून नुसत्या लांबीवरून निर्णय करूं नये.

दुसरी गोष्ट आंतून घासलेली नळी. गंज काढण्यासाठीं पोकळी घासली कीं तिचा व्यास वाढतो, आणि तोंड तसेंच राहिल्यास वजाबाकींत चोक वाढलेला दिसतो. पण तितकी नळीची भिंत पातळ झालेली असते. अशी नळी चोकाच्या गोष्टीपेक्षां सुरक्षिततेच्या दृष्टीनें अधिक विचार करण्याजोगी आहे. लोखंड व पोलाद ह्यांच्या पट्ट्या पिळून केलेल्या नक्षीदार नळ्यांस, ज्यांस दमास्कस म्हणतात, आजचीं जोरदार काडतुसें लावूंच नयेत. तसेंच पुष्कळ जुन्या इंग्रजी बंदुकींचें घर अडीच इंची (६५ मिलिमीटर) काडतुसाचें असतें. त्यांत पावणेतीन इंची (७० मिलिमीटर) काडतूस बसल्यासारखें दिसतें, पण सुटल्यावर त्याचें तोंड उलगडावयास जागा नसते आणि दाब धोक्याइतका वाढतो. चोक मोजावयास बसलांच आहां, तर घराची लांबीही त्याच वेळीं मोजून लिहून ठेवा.

तिसरी पायरी : कागदावरील परीक्षा

माप खरें, पण शेवटचा निकाल कागदाचा. नळीचा चोक म्हणजे अखेर छरे कसे पडतात हेंच. आणि तें कागदच सांगतो. ही परीक्षा परवानगी असलेल्या नेमबाजीच्या मैदानावरच करावी. शेतांत, गांवालगत किंवा रस्त्याच्या बाजूस करूं नये. छरा कोठवर जातो ह्याचा अदमास झुर्ने ह्या फ्रेंच सेनाधिकाऱ्याच्या नियमानें करतात : छऱ्याचा व्यास इंचांत घेऊन त्यास २२०० नीं गुणावें, म्हणजे जास्तींत जास्त पल्ला वारांत येतो. सहा नंबरचा छरा .१०२ इंचाचा, तो सव्वादोनशें वारांपर्यंत जाऊं शकतो. एलजीची गोळी .३६ इंचाची, तिचा पल्ला सुमारें आठशें वार. आठशें वारांच्या आंत आपल्या शेतापलीकडे कोणाचें शेत आहे व त्यांत कोण जागलीस आहे, हें ज्याचें त्यानें मनांत आणावें.

रीति अशी. चार फूट लांबरुंद कोरा कागद चौकटीवर ताणावा. चाळीस वार (सुमारें साडेछत्तीस मीटर) अंतर फितीनें मोजावें, पावलांनीं नव्हे. सहा नंबरच्या छऱ्याचें काडतूस घेऊन कागदाच्या मध्यावर एक बार काढावा. मग जेथें छरे सर्वांत दाट असतील तेथें तीस इंच व्यासाचें वर्तुळ आंखावें. नेमाच्या खुणेभोंवतीं नव्हे. वर्तुळांतील भोकें मोजावीं व काडतुसांतील एकूण छऱ्यांशीं त्यांचें प्रमाण काढावें. एका बारावर विसंबूं नये. प्रत्येक नळीचे निदान पांच कागद घेऊन सरासरी काढावी.

इंग्रजी मापाचे सहा नंबरचे छरे एका औंसांत २७० भरतात. १ १/१६ औंसाच्या, म्हणजे सुमारें तीस ग्रॅमच्या काडतुसांत ते सुमारें २८७ होतात. त्या हिशेबानें वर्तुळांत पडावयाचे छरे असे :

सिलिंडर : शेकडा ४०, सुमारें ११५ छरे.
सुधारलेला सिलिंडर : शेकडा ५०, सुमारें १४४.
पाव चोक : शेकडा ५५, सुमारें १५८.
अर्धा चोक : शेकडा ६०, सुमारें १७२.
पाऊण चोक : शेकडा ६५, सुमारें १८७.
फुल चोक : शेकडा ७०, सुमारें २०१.

मापाचा निकाल व कागदाचा निकाल थोडा निराळा आला, तर गोंधळून जाऊं नये. पूर्वींच्या काडतुसांत दारू व छरे ह्यांच्यामध्यें नमद्याची चकती असे. आतां बहुधा प्लॅस्टिकची वाटी असते. तींत छरे नळीच्या घर्षणापासून वांचतात व अधिक एकवट जातात. त्यामुळें जुन्या काळीं अर्धा चोक म्हणून केलेली नळी आज पाऊण चोकाप्रमाणें छरे टाकूं शकते. आपल्या पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखाना, जो १८६९ पासून चालत आला व २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड ह्या सरकारी कंपनीखालीं आहे, त्याचीं 'शक्तिमान' काडतुसें आपल्याकडे पुष्कळांच्या परिचयाचीं आहेत. जें काडतूस आपण नेहमीं वापरणार, त्याचेंच कागदावर परीक्षण करावें. दुसऱ्याच्या काडतुसाचा आंकडा आपल्या उपयोगाचा नाहीं.

एलजीसारख्या मोठ्या गोळ्यांस वरील प्रमाण लागू पडत नाहीं. त्या एका औंसांत अवघ्या सहा भरतात, आणि फार आवळलेल्या तोंडांतून जातांना एकमेकींवर दाटून कधीं कधीं उलट अधिक विखुरतात. त्यांची परीक्षा निराळी घ्यावी. अखंड गोळीचें काडतूस तर करणाऱ्यानें चोकाच्या नळीसाठीं योग्य म्हणून स्पष्ट लिहिल्याशिवाय आवळलेल्या नळींत घालूं नये.

कायद्याची मर्यादा

चोक ठाऊक झाला म्हणजे जनावर मारण्याचा अधिकार आला, असें कोणी समजूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणें, आणि त्याच्या १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आलेल्या दुरुस्तीनंतरही, रानडुक्कर किंवा रोही ह्यांस उभ्या पिकाच्या नुकसानीसाठीं मारणें हें मुख्य वन्यजीव रक्षक अथवा अधिकार दिलेला अधिकारी ह्यांच्या कारणांसह दिलेल्या लेखी हुकुमावांचून गुन्हा आहे. काळवीट पहिल्या अनुसूचींत असल्यानें त्यास पिकाच्या कारणासाठीं अशी परवानगीही मिळत नाहीं. नुकसानीची भरपाई मागणें, हा मार्ग सर्वांस मोकळा आहे व तो प्रथम धरावा.

बंदुकीपुरतें बोलावयाचें तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमांत पीकरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना सांगितला आहे. ती पुरेशी नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळूं शकते, आणि तिची नळी वीस इंचांहून आंखूड असतां कामा नये. त्याच अधिनियमाच्या सहाव्या कलमानें परवान्यावांचून नळी आंखूड करणें हा गुन्हा ठरविला आहे. दुरुस्तीचा धंदाही परवानाधारकासच करतां येतो. म्हणून गांवच्या लोहाराकडे किंवा लेथवाल्याकडे बंदूक देऊं नये. तो भला माणूस असला तरी अडचणींत दोघेही येतील.

शेवटीं आमच्या बंदुकीविषयीं

एका निवडणुकीच्या वेळीं आमची दुनळी नेहमींप्रमाणें पोलीस ठाण्यांत जमा झाली होती. परत आल्यावर ती पुसतांना, यंत्रशाळेंत काम करणाऱ्या आमच्या पुतण्यानें सहज भिंग लावून छाप वाचले. डाव्या नळीवर १८.४ व १७.४ असे दोन अंक स्वच्छ होते. म्हणजे पूर्ण एक मिलिमीटरचा आवळ. वडील सांगत तें खरें होतें, असें वाटून आम्हांस क्षणभर बरेंच वाटलें. मग त्यानें गेज आणून माप घेतलें. पोकळी १८.४ भरली. डाव्या नळीचें तोंड १८.३ भरलें. तिन्ही दिशांनीं तेंच. तोंडाशीं दोन नळ्यांमध्यें बोटाच्या नखाएवढी फट होती, आणि ती डाखानें भरून वर काळा रंग दिलेला होता. माशी मागाहून बसविलेली होती. आजोबांकडे येण्यापूर्वींच केव्हां तरी कोणी तरी ती नळी कापली होती, आणि फुल चोक त्या तुकड्याबरोबर गेला होता. पुढें मैदानावर पांच कागद घेतले. डाव्या नळीची सरासरी शेकडा बेचाळीस आली. पन्नास पावलांवर एलजी लावून पाहिली, तेव्हां पांच बारांपैकीं तीन बारांत डुकराच्या छातीएवढ्या कागदावर एकही गोळी लागली नाहीं.

काकांची नजर चुकली नव्हती. त्यांच्या हातीं साधी नळी होती, आणि ती फुल चोक आहे असें समजून त्यांनीं पन्नास पावलांवर बार काढला होता. ही गोष्ट आम्हांस कळली तेव्हां काका हयात नव्हते, आणि तो सालदारही नव्हता. दोघांसही आमचें म्हणणें सांगतां आलें नाहीं.

वाचकांस आमची विनंति एवढीच आहे. ज्यांच्या घरीं परवान्याची बंदूक आहे त्यांनीं ह्या हंगामाच्या आधीं एक सकाळ काढावी. छाप वाचावे, दोन व्यास मोजावे, वजाबाकी करावी, आणि साधेल तेव्हां मैदानावर कागद घ्यावे. आलेले आंकडे, नळीची लांबी व घराचें माप एका कागदावर लिहून तो परवान्याच्या पुस्तकांत ठेवावा, म्हणजे पुढच्या पिढीस "वडील सांगत" असें म्हणण्याची पाळी येणार नाहीं. आणि ज्यांस माप घेणें साधत नाहीं, त्यांनीं तें घेईपर्यंत आपली नळी साधी आहे असें धरून चालावें. आमच्या घरीं हें एवढें कोणी केलें असतें, तर त्या सकाळीं चाप ओढला गेला नसता.